अर्धशिशीचा दाखला

"बूट काढ," पाटील म्हणाला. "आन् घे डोक्यावर."

चैताचं ऊन. चावडीच्या ओट्यावर पाटील, बाजूला कुलकर्णी आन् गावातली चार-पाच बडी माणसं. म्या खाली रस्त्यावर. हात जोडलेले, पायात फौजेचे बूट. महारवाड्यातला माणूस बूट घालून चावडीपुढं आला, ह्योच माझा पयला गुन्हा.

दुसरा गुन्हा म्हंजे दाखला मागितला. लढाईवर जायच्या आदी माझं डोकं धड व्हतं, आल्यापासून अर्धशिशी हाय, एवढंच लिवून द्या म्हणालो.

पाटील कुलकर्ण्याकडं बघून हसला. "अर्धशिशी डोकं चालवणाऱ्याला व्हती. तुला रं कशाची?"

सगळा ओटा हसला.

म्या बूट काढले. डोक्यावर घेतले. वेशीपतुर जाऊन परत यायचं, असा हुकूम. ब्रह्मदेशात म्या गोळ्यांपुढं चाललोय. पर त्या दिशी येकेक पाऊल मोजून टाकत व्हतो. बूट पडतील ही भीती. ऊन डोळ्यात शिरंल, दुखणं इथंच उठंल आन् सगळ्यांदेखत ओकावं लागंल, ही भीती. दोन्ही बाजूंनी वळखीची दारं. समदी बघत व्हती, कुणी दार लावून घेतलं न्हाय.

परत आलो तवर कुलकर्ण्यानं मोडीत कागद लिवला व्हता. अंगठा कर म्हणाला. केला. वर आन् "उपकार झाले" म्हणालो. सांगताना आजबी तोंड कडू व्हतं.

हे दुखणं कुठलं, ते सांगतो. ब्रह्मदेशात आमच्या खंदकाशेजारी तोफेचा गोळा पडला. माझ्या अंगाला साधं खरचटलं बी न्हाय. बाजूचे दोघं मातीखाली गेले. तीन दिस मला ऐकू आलं न्हाय. चौथ्या दिशी ऐकू आलं, आन् डोकं सुरू झालं. आदी डाव्या डोळ्यापुढं करवतीच्या दातावानी उजेड नाचतो. मग डाव्या कपाळात कुणी पहार घालून फिरवल्यागत. ओकाऱ्या. भांड्याचा आवाज सोसत न्हाय. दोन दिस माणूस कामातून जातो. वरून बघणाऱ्याला मातर काय बी दिसत न्हाय. हात तुटला असता तर दाखवता आला असता.

लढाई सरली, घरी धाडलं. आमचं गाव निजामाच्या मुलखात, तिथंच मजुरी धरली. उन्हात दुखणं उठायचं, बांधावर पडून राहायचो, मालक दुसऱ्या दिशी नको म्हणायचा. शेवटी येडशीच्या ठेसनावर आगगाडी धरून इंग्रजी हद्दीतल्या फौजी कचेरीत गेलो, अधू शिपायाची पेन्शन मागायला. डॉक्टरानं डोळ्यात बत्ती मारली, गुडघ्यावर टिचकी मारली. वरून काय दिसत नाही म्हणाला. दुखणं लढाईतनंच आलं, असा गावचा दाखला आण.

तसला दाखला आता हातात व्हता. दुसऱ्या दिशी निघालो, तर बायको दारात आडवी. कागदात काय लिवलंय इचारलं. मला कुठं वाचता येत व्हतं? ती म्हणाली, "पाटलानं दिला म्हंजे मला भ्या वाटतंय. आदी कुणाकडनं तरी वाचून घ्या."

शेजारच्या तेर गावात एक मुसलमान मास्तर व्हते. त्यांना मोडी यायची. म्या अंगणात उकिडवा बसाय लागलो, तर म्हणाले, खाली नको, खाटंवर बसा. कुणी मला "बसा" म्हणायची ती पयली वेळ. त्यांनी कागद मनात वाचला. मग मोठ्यानं वाचला.

"सदर इसम बालपणापासून डोक्याने अधू असून त्यास वेडाचे झटके येतात. लढाईशी या दुखण्याचा संबंध नाही."

खाली माझाच अंगठा.

पेन्शन तर गेलीच असती. पर वेडा म्हणून माझंच नाव सरकारदप्तरी लागलं असतं, माझ्याच अंगठ्यानं. वेड्याला कोण कामाला ठेवणार? बायकोला तिच्या बापानं नेली असती. बूट डोक्यावर घेऊन म्या हे इकत घेतलं व्हतं.

मास्तर म्हणाले, तुम्ही सांगाल तसं मी लिहून देतो. पर पाटलाच्या शिक्क्याबिगर त्याला वजन न्हाय, हे बी सरळ सांगितलं. माझं नाव कुठं घेऊ नका म्हणाले. त्यांना बी पोट व्हतं, त्यांना बी भ्या व्हतं.

दुसऱ्या दिशी चावडीवर गेलो. बायको चार पावलं मागं. म्या कागद ओट्याच्या कडंला ठिवला.

"पाटील, ह्यो कागद खोटा हाय. म्या घेत न्हाय."

"वाचायला कवा शिकलास?"

"न्हाय शिकलो. ज्याला येतंय त्यानं वाचून दाखवला."

"कोन त्यो?"

"ते सांगत न्हाय."

पाटील उठून उभा राहिला. "बूट काढ आदी."

"काढत न्हाय."

माझा आवाज मोठा न्हवता. धोतर ओलं व्हतंय का काय असं वाटत व्हतं. पाठ फिरवली आन् चाललो. आता पाठीत काठी बसंल, आता बसंल, असं घरापतुर वाटत राहिलं.

काठी बसली न्हाय. दुसऱ्या दिशी बायकोचं रानातलं मजुरीचं काम बंद झालं. दुकानदारानं मीठ दिलं न्हाय. पाटलाची दोन माणसं काठ्या घेऊन आमच्या दारासमोर तीन दिस बसली. त्यातच माझं डोकं उठलं. बायकोनं दाराला गोणपाट लावलं आन् आतून पाटा टेकवला. म्या अंधारात ओकत पडलो. बाहेर ती माणसं खाकरली तरी जीव जायचा.

मास्तरांनी लिवलेला कागद घेऊन कचेरीत गेलो. पाटलाचा शिक्का न्हाय, मग अर्ज न्हाय. कारकुनानं तोंडीच सांगितलं आन् पुढच्याला हाक मारली. म्या उठून आलो.

आता दर आठवड्याला चालत तेरला जातो. मास्तर अक्षरं शिकवतात. जरा वाचलं की डाव्या डोळ्यापुढं ते दात नाचाय लागतात. मग डावा डोळा हातानं झाकतो आन् उजव्यानं वाचतो. लई दुखलं तर पडतो. उठलो की परत वाचतो. बाळबोध, म्हंजे छापील पुस्तकातलं अक्षर, जमाय लागलंय. मोडी अजून न्हाय.

पाटील हाय तिथंच हाय. काठीवाले हायत. मला भ्या वाटतंय, रोज वाटतंय. तरी पेरण्यांच्या आदी कचेरीत परत जाणार. ह्या बारीला न्हाय म्हणाले, तर का न्हाय ते कागदावर बाळबोधीत लिवून द्या म्हणणार. आन् तो कागद तिथंच, त्यांच्यापुढं बसून, म्या सोता वाचणार. वाचल्याबिगर उठणार न्हाय.