टॉवेलावरचा संशय

सुधावन्सं गेल्याचं कळवायला मी पुण्याच्या जाऊबाईंना फोन केला, तर त्यांनी आधी विचारलं, "कशानं?" हार्ट अटॅकनं, मी म्हटलं. त्यावर त्यांचं, "नक्की ना?" महिना होत आला, तरी ते 'नक्की ना' कानातून जात नाही. राग जाऊबाईंचा येत नाही, माझाच येतो. वन्संच्या प्रत्येक दुखण्याखुपण्याला मीही एके काळी मनातल्या मनात हेच विचारायचे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचे यजमान इथल्याच, आमच्या हिंदी मुलखातल्या बिजौलीच्या एका कारखान्यात होते. ते एड्सनं गेले, वन्संच्याही रक्तात एचआयव्ही निघाला, आणि त्या आमच्याकडे, लक्ष्मी गेट भागातल्या घरी, राहायला आल्या. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, हा आजार शरीरसंबंधातून जातो, रक्तातून जातो, आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवून, एक संडास वापरून किंवा डास चावून नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन संडासात फिनेलची बाटली ठेवली. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला, संसार माझा आहे! वन्सं बाहेर आल्या की मी बाटली घेऊन आत. त्यांचा टॉवेल वेगळ्या दोरीवर. त्या नुसत्या खोकल्या तरी माझ्या मनात पाल चुकचुकायची. त्या मात्र सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणत, एकही न चुकवता घेत, आणि मला एका शब्दानं बोलत नसत.

दोन वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्यात ह्यांच्या तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग उठले. हे तेव्हा रेल्वेत गार्ड, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. डागांना ना खाज, ना दुखणं. "गरमी है, और क्या," म्हणून मोकळे झाले. माझा संशय मात्र तडक त्या दोरीवर गेला. वन्संसमोर जाऊन उभी राहिले. "तुमचा टॉवेल ह्यांनी वापरला का? खरं सांगा." वन्संनी भावाचा हात ओढून खिडकीच्या उजेडात धरला, निरखून पाहिला, आणि मग त्याच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की त्यानं मान खाली घातली. "शैला, चपला घाल," एवढंच म्हणाल्या. "तूही चल रे."

वन्संच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. दोघांनाही सिफिलिस निघाला. माझ्या अंगावर एक डाग नव्हता, तरी मलाही. एचआयव्ही दोघांनाही नव्हता, पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. मी तिथल्या समुपदेशक बाईंना परत टॉवेलाचंच विचारलं, काय करणार, जित्याची खोड! "तौलिये से नहीं, बाथरूम से नहीं, दीदी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आपको पति से हुआ है." हे भिंतीकडे बघत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दोन वर्षं रोज देत होते... आम्ही दोघांनी इंजेक्शनं घेतली, बरे झालो. ते तीन महिने मात्र मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दुसऱ्या तपासणीतही काही निघालं नाही, तेव्हा वन्संच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. (हे सगळं लिहायला ह्यांनी होकार दिला आहे, तोंड वाकडं करून.)

"तुम्हाला माझा राग नाही आला?" मी विचारलं होतं. "आला ना, खूप आला," वन्सं म्हणाल्या. "पण मला वेळेवर कुणी दवाखान्यात नेलं नाही गं."

त्यानंतर दोरी एक झाली, फिनेलही गेलं. वन्सं आणखी दहा वर्षं राहिल्या. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. पहिली दोन वर्षं मी त्यांना स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नव्हता. त्या उंबऱ्याबाहेर वेताच्या खुर्चीत बसून माझ्याशी बोलायच्या. पुढे मी किती वेळा म्हटलं, "आत या ना वन्सं, मिळून मेथी निवडू." त्या मेथी तिथंच मागून घ्यायच्या. "राहू दे गं, इथंच बरं वाटतं, सवय झाली."

खुर्ची अजून तिथंच आहे. ती सवय मी लावली होती.