जर्मेनियमवरचा शिशाचा थर

भूकंपानंतरच्या वर्षी लातूरला क्लाससाठी खोली घेतली, तेव्हा ती माझी खोलीसोबतीण झाली. किल्लारीकडच्या गावची. घर कोसळलं त्यात तिचे वडील गेले होते आणि आई पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. मी मुखेडच्या मास्तरांची मुलगी. माझं सगळं जागच्या जागी होतं, तरी मला तिचा हेवा वाटायचा. सर काही अवघड सांगून झालं की आधी तिच्याकडं बघायचे. खाणावळीतल्या काकू तिला न मागता भाकरी वाढायच्या. माझे वडील भेटायला आले की तिलाच विचारायचे, "बाळ, झोप लागते का नीट?" मला त्यांनी हे कधीच विचारलं नाही.

पुढं नांदेडला एमएस्सीही आम्ही बरोबरच केली. ती संशोधनाला परदेशी गेली आणि मग हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत रुजू झाली. मी लग्न करून नांदेडलाच राहिले, एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवू लागले. दर जूनला तेच पहिलं प्रकरण. तिचा फोन आला की मी भाजी फोडणीला टाकल्याचं सांगून लवकर ठेवायची.

एकदा ती नांदेडला आली, तेव्हा आमच्या संचालकांनी तिला मुलांशी बोलायला बोलावलं. फळ्यावर तिनं जर्मेनियमची चकती काढली, तिच्यावर शिशाचा जेमतेम एका अणूइतका जाड थर काढला आणि त्या थरातल्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनबद्दल सांगू लागली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हे नीटला येतं का?"

"न्हाई," ती हसून म्हणाली.

भराभर पेनं खाली ठेवली गेली. मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं संध्याकाळच्या चहापर्यंतच टिकलं. घरी मीच विषय काढला. म्हटलं, "मुलांना जाऊ दे, मला सांग. त्या थरात एवढं काय आहे?"

तिनं टेबलावर बोट फिरवलं. "इलेक्ट्रॉन म्हणजे एक बारीकसं चुंबक समज. धातूच्या पोटात चुंबकाचं तोंड, म्हणजे स्पिन, इकडं असलेले आणि तिकडं असलेले सारखेच असतात. पण हा थर एवढा पातळ, वर पोकळी, खाली जर्मेनियम..."

"म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहीत," मी म्हणाले. "मग जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचं स्पिन एका अंगाला वळेल. आणि तोच उलटा आला तर स्पिनही उलटं?"

"हाव!" तिनं टेबलावर थाप मारली. "आणि शिसं जड, म्हणून ते ठळक दिसतं. मला हे उमजायला लई दिवस लागले गं!"

आत काहीतरी चर्रकन पोळलं. इतकी वर्षं मी मनाला समजावत आले होते की तिचं काम आपल्या डोक्यापलीकडचं आहे. ते तसं नव्हतं. मला ते चहा निवायच्या आत कळलं होतं.

"सुट्टीत ये," ती म्हणाली. "यंत्र दाखवते."

मी जाणार नव्हते. मे महिन्यात हैदराबादला गेले. स्टीलचं मोठं पिंप, त्याला चहूबाजूंनी नळ्या, आणि पंपांची एकसारखी घरघर. आतल्या शिशाच्या थरावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटून बाहेर यायचे आणि त्यांचं स्पिन मोजलं जायचं. पडद्यावर हळूहळू दोन वक्र उमटले, एक लाल, एक निळा, मधोमध एकमेकांना छेदणारे. लाल म्हणजे एका बाजूचं स्पिन, निळा म्हणजे विरुद्ध बाजूचं. तिचे विद्यार्थी तिच्याभोवती गोळा झाले. "ही माझी मैत्रीण," तिनं सांगितलं, "हिला लगेच कळतं." त्यांनी माझ्याकडं आदरानं बघितलं, आणि तोही मला तिनंच दिलेला वाटला.

परतीच्या गाडीत मी तिच्यावर चिडूनच बसले होते. तो जळफळाट अजून गेलेला नाही. पण त्यानंतर दर उन्हाळ्यात आठवडाभर मी तिथं जाते. गेल्या खेपेला शिशाचा थर तिनं मला चढवू दिला. तो नीट बसला नाही. ती म्हणाली, "पुन्हा कर," आणि बाजूला सरकून मला जागा दिली.