फार लवकर आलेला होकार

"ते हो म्हणाले," डेल म्हणाला, आणि कॉलवर कोणालाच आनंद झाला नाही.

डेल म्हणजे आमचा क्लायंट. अमेरिकेतल्या एका बेसबॉल क्लबमध्ये कोणता खेळाडू घ्यायचा आणि कोणता द्यायचा हे बघणारा माणूस. क्लबचं नाव सांगायला मला बंदी आहे. सांगितलं तरी आमच्या नागपुरात ते कोणी ओळखणार नाही, हा भाग वेगळा. आमचं ऑफिस सिंगापुरात, तोआ पायोहला, टाऊन सेंटरच्या मागच्या इमारतीत. खाली डेंटिस्ट, वर आम्ही. खेळाडूंचे व्हिडिओ आणि आकडे बघून क्लबांना सल्ला देणं हा आमचा धंदा. मी शिकले स्टॅटिस्टिक्स, आणि पोटापाण्यासाठी परक्यांच्या मुलांची फेक मोजते. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ, त्यामुळे बोलताना डेल थकलेला असतो आणि आम्ही ताजेतवाने. सल्ला देणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं.

प्रश्न एका थर्ड बेसमनचा होता. बेसबॉलच्या मैदानात चौकोनाचे चार कोपरे असतात, त्यांना बेस म्हणतात. तिसऱ्या कोपऱ्याजवळ उभा राहतो तो थर्ड बेसमन. बहुतेक बॅटर उजव्या हाताचे, त्यांचे सणसणीत फटके याच बाजूला येतात. चेंडू अडवायला डोळ्याचं पातं लवेल इतका वेळ, आणि अडवल्यावर थेट मैदानाच्या पलीकडच्या टोकाला फेकायचा. छाती पाहिजे आणि खांदाही पाहिजे. डेलच्या क्लबला दोन वर्षं असा माणूस मिळत नव्हता. मी दुसऱ्या एका क्लबमधला मुलगा सुचवला होता. बावीस वर्षांचा, एका कॅरिबियन बेटावरून आलेला. इथे त्याला मातेओ म्हणू या. दोन वर्षं मी त्याचा एकेक चेंडू बघत होते. घरच्या मुलासारखी मला त्याची पावलं पाठ झाली होती.

ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. दोन क्लब आपसात बोलतात, ठरवतात आणि बहुतेक वेळा खेळाडूला शेवटी कळतं की बॅग भरायची आहे. मातेओच्या बदल्यात डेलने आपला एक जुना, लोकांचा लाडका पिचर, म्हणजे आपल्याकडचा बॉलर, देऊ केला होता. आमच्या अंदाजाने आठवडाभर घासाघीस चालणार होती. समोरचे आधी नाक मुरडणार, मग आणखी एखादा खेळाडू मागणार, मग आपण रुसणार. तसं काहीच झालं नाही. डेलने विचारलं आणि जेवायच्या आत होकार आला.

"दोन तासांत," डेल म्हणाला. "बावीस वर्षांचा असा मुलगा कोणी दोन तासांत देतं का? त्याच्यात काहीतरी खोट आहे, प्रज्ञा."

"मेडिकल रिपोर्ट आलेत ना?"

"आलेत. शाळेत असताना बोट मोडलं होतं, एवढंच. म्हणूनच जास्त भीती वाटते. मी म्हटलं, खांद्याचा नवा एमआरआय करून द्या. ते म्हणाले, जे द्यायचं ते दिलंय, विश्वास नसेल तर राहू द्या. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा."

लिम म्हणजे आमचा बॉस. सिंगापुरातच जन्मलेला, पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने मान हलवली. "टू फास्ट, लाह. मी एकदा फ्लॅट बघायला गेलो. मी सांगितलेल्या पहिल्याच किमतीला मालक ओके म्हणाला. नंतर कळलं, छतातून पाणी गळतं."

"म्हणजे मी नाही म्हणू?" डेलने विचारलं.

"मी म्हणेन, वॉक अवे."

"मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. म्हणजे आमची सकाळ. डेल बरं म्हणाला, पण त्याच्या आवाजात नकार ऐकू येत होता.

नकाराने डेलचं फारसं बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं मातेओचं. मेडिकलपर्यंत आलेला ट्रेड मोडला की ती गोष्ट लपत नाही. आठवड्याभरात सगळ्या क्लबांमध्ये कुजबुज होते की रिपोर्ट बघून मागे फिरले म्हणजे पोराच्या खांद्यात काहीतरी आहे. पुढे तो कितीही चांगला खेळला तरी प्रत्येक नवं गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. धडधाकट मुलगा उगाच अधू ठरतो.

हे मला बेसबॉलमुळे माहीत नाही. हे मी भोगलंय.

मी पंचवीस-सव्वीसची असताना आत्याने मला नागपुरातल्या आमच्या वधू-वर परिचय मेळाव्यात उभं केलं. आत्या हायस्कूलची हेडमिस्ट्रेस, आणि मेळाव्याचा माईक कायम तिच्या हातात. तिथून अमरावतीचं एक स्थळ आलं. इंजिनियर मुलगा, माणसं बरी. ते बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी त्यांना होकार कळवून टाकला. त्यांनी अजून विचारलंही नव्हतं! झालं, त्यांना शंका आली. एमएस्सी झालेली मुलगी असून बाप इतका उतावीळ का? त्यांनी आमच्या शेजाऱ्यांकडे चौकशी केली, कॉलेजात केली, मला कसली गोळी सुरू आहे का हे कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यालासुद्धा विचारलं. कोणालाच काही सापडलं नाही. मग तर त्यांची खात्रीच पटली. 'कळवतो' म्हणाले आणि कळवलं नाही.

खरं कारण साधं होतं. माझ्या धाकट्या बहिणीने, करुणाने, आपलं आपण जमवलं होतं आणि तिचा होणारा नवरा नोकरीसाठी दुबईला निघाला होता. थोरलीचं आधी, एवढंच बाबांच्या डोक्यात होतं. माझ्यात काही खोट नव्हती. माझ्या मागे धाकटी उभी होती. पुढचं वर्षभर येणारं प्रत्येक स्थळ आधी एकच विचारायचं, 'ते अमरावतीवाले का फिरले हो?' पुढे नवरा माझा मीच शोधला आणि तो छान निघाला, पण त्या वर्षाचा राग मला अजून येतो.

तर त्या सकाळी मी कॉफी घेतली आणि लिमला म्हटलं, "आपण मुलाला तपासतोय. त्याच्या घराला तपासू या."

"व्हॉट घर?"

"त्याच्या क्लबमध्ये त्याच्या मागे कोण उभा आहे ते बघू. मागचा तयार झाला असेल तर पुढच्याला लवकर उजवतात."

अमरावतीची हकिकत लिमला थोडक्यात सांगितली तेव्हा तो म्हणाला, "सो यू आर द फ्लॅट, अँड नो लीक." बाईमाणसाला फ्लॅट म्हटल्याबद्दल मी त्याला माफ केलं, कारण त्याला मुद्दा कळला होता.

मोठ्या क्लबांच्या हाताखाली लहान क्लब असतात. तिथे पोरं तयार होतात आणि मग वर येतात. समोरच्या क्लबच्या सगळ्या लहान संघांतले थर्ड बेसमन मी काढले. एक तिशीचा, एक पाठीने गेलेला, एक नुसताच उंच. यांच्यासाठी कोणी मातेओला सोडणार नाही. दुपार झाली. माझा तर्क खोटा ठरत चालला होता. खाली हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जाऊन नूडल्स घेतले, ते गेले नाहीत.

तेवढ्यात आत्याचा फोन. ती आता नागपुरात एकटी असते आणि रोज जेवणाच्या वेळी माझी हजेरी घेते. नावं न सांगता मी तिला सगळं सांगितलं.

"पोरगा चांगला आहे ना? मग तोडून काऊन राहिले?"

"ते लवकर हो म्हणाले म्हणून."

अमरावती आत्यालाही आठवली असणार. ती म्हणाली, "अवं, त्यांनी तरी करुणाला कुठे पाहिलं होतं? पाहुणे आले की आपण तिला मावशीकडे धाडायचो."

खरंच की! धाकटी जास्त गोरी, जास्त बोलकी. पाहुण्यांची नजर तिच्यावर जाऊ नये म्हणून ती घरात नसायचीच. मी नूडल्स तसेच टाकून वर आले. मागचा मुलगा थर्ड बेसमन म्हणून मिरवत असेल तर सगळ्या जगाला तो दिसेल, आणि मातेओचा भाव पडेल. तो दुसऱ्याच नावाखाली बसवलेला असणार.

थर्ड बेसच्या शेजारी एक जागा असते, शॉर्टस्टॉप. समोरच्यांच्या एका लहान क्लबमध्ये एकोणीस वर्षांचा एक शॉर्टस्टॉप होता, त्याचं नाव सगळीकडे गाजत होतं. सामन्यात तो शॉर्टस्टॉपलाच खेळायचा. पण कॅमेरे सामन्याच्या बरेच आधी सुरू होतात. तो सुरुवातीचा भाग आम्ही न बघताच कापून टाकतो, कारण त्यात नुसता सराव असतो. मी न कापलेला व्हिडिओ मागवला. तो मुलगा सरावात थर्ड बेसवर उभा होता. आदल्या सामन्याआधीही तिथेच, त्याच्या आदल्याही. त्याच्यावर कोच एकामागून एक चेंडू मारत होता. आणि तो कोच लहान क्लबचा नव्हता, मुख्य संघाचा होता. एवढा मोठा कोच खास प्रवास करून एका पोराला शेजारच्या जागेवर का शिकवेल?

मी लिमला बोलावलं. त्याने तीन दिवसांचे सराव बघितले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बघितले.

"वालाओ," तो म्हणाला. इकडे याचा अर्थ साधारण 'अगं बाई' असा होतो. "देअर इज युवर सिस्टर."

माझे डोळे भरून आले. ऑफिसात असं होऊ नये, पण झालं.

दुसऱ्या दिवशी वुडलँड्सच्या घरून लवकरची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून मी आले. डेल लाइनवर होता. व्हिडिओ त्याने पाहिला होता, तरी तो कुरकुरत होता.

"ही नुसती शक्यता आहे, प्रज्ञा. खांदा तरीही खराब असू शकतो."

"दोन वर्षांत त्याची फेक एकदाही मंदावलेली नाही. होकार लवकर आला हे सोडलं तर तुझ्याकडे त्याच्याविरुद्ध काय आहे?"

"काही नाही."

"मग सरळ विचार त्यांना. म्हणावं, तुमचा शॉर्टस्टॉप थर्ड बेसवर कधी येतोय?"

"आणि ते खोटं बोलले तर?"

"बोलू देत. आधी किती वेळ गप्प बसतात ते मोज."

डेलने आम्हाला होल्डवर ठेवलं. बारीकशी ट्यूं ट्यूं वाजत राहिली. लिम नखं कुरतडत होता. मी त्याला पहिल्यांदाच असं बघितलं. मी मनात एकच म्हणत होते, पोराला परत पाठवू नका रे.

डेल परत आला तो हसतच. "खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले, कोणी सांगितलं तुम्हाला? पुढच्या सीझनला त्याला वर आणणार आहेत. मातेओला बाकावर बसवायची त्यांना लाज वाटत होती, आणि बातमी फुटायच्या आत उरकायचं होतं. खांद्याच्या एमआरआयलाही हो म्हणाले, आज रात्रीच करून देतायत."

दुपारी रिपोर्ट आला. खांदा ठणठणीत. ट्रेड झाला.

मी आणि लिम खाली कॉफीशॉपमध्ये गेलो. काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जाम लावलेला पाव, आणि अर्धी कच्ची अंडी हा त्याचा आनंद साजरा करायचा कायमचा प्रकार. अंडी मी त्यालाच दिली. पण मी एकटीने चार टोस्ट खाल्ले.

संध्याकाळी आत्याला फोन केला. "जमलं."

"जमलं? बरं झालं बापा!" मग लगेच, "देणंघेणं काय झालं?"

खरं तर तेही झालं होतं. समोरच्यांना घाई आहे हे कळल्यावर डेलने वरून आणखी एक राखीव खेळाडू पदरात पाडून घेतला होता. मी सांगितलं.

"म्हणजे हुंडा घेतलाच मेल्यांनी," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हापासून कुठूनही झटपट होकार आला की लिम आधी रिपोर्ट उघडत नाही. खुर्ची फिरवून मला विचारतो, "हू इज बिहाइंड?" धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच. ज्याला देतायत त्याला सोलण्याआधी जो राहणार आहे त्याला बघावं.

पण ते पुरतं खरं नाही, हे मला दोन दिवसांनी कळलं. नव्या क्लबचा शर्ट घालून मातेओ पत्रकारांसमोर बसला होता. आम्ही ऑफिसात बघत होतो. एकाने विचारलंच, "इतक्या सहज कसं सोडलं तुला?"

मातेओ मोकळेपणी हसला. "तो शॉर्टस्टॉप माझा मित्र आहे. थर्ड बेसवर कसं उभं राहायचं ते मीच त्याला दाखवलं. तो येणार हे मला सीझनच्या सुरुवातीपासून माहीत होतं."

लिमने कपाळावर हात मारला. दुसऱ्या क्लबच्या खेळाडूशी परस्पर बोलायला नियमाने बंदी आहे, त्यामुळे डेल, लिम, मी, कोणीच त्याला विचारलं नव्हतं. अमरावतीवाल्यांना मात्र असा कुठलाच नियम नव्हता. त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, कॉलेजात विचारलं, मेडिकलवाल्याला विचारलं. मी त्यांच्यासमोर पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.