शाळेचं खोडरबर

नांदेडच्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. विचारावं असा तो वाटला नाही.

व्हिडिओ पाहून पाहून मी जुन्या कॉम्प्युटरात दोन डिस्क बसवल्या होत्या आणि घरच्या फोटोंसाठी स्वस्तातलं स्टोरेज तयार केलं होतं. ते घडीघडी बंद पडायला लागलं, म्हणून त्याच्याकडं नेलं. बिघाड कुठं असणार, हे मीच त्याला समजावून सांगितलं. तो स्क्रू ओठांत धरून "हाव, हाव" करत राहिला. मग त्यानं रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या काढल्या, शाळेतल्या खोडरबरानं घासल्या, फुंकर मारली आणि एकेक लावून पाहिली. असल्या माणसाला इंजिनिअर म्हणणाऱ्या लोकांची मला कीव आली.

"एक पट्टी खराब हाय. बदलतो," तो म्हणाला. मग ओठांतले स्क्रू हातात घेऊन त्यानं विचारलं, "सर, ही पट्टी असताना चढवलेले फोटो उघडून पाह्यले का?"

"दोन डिस्कवर दोन प्रती आहेत," मी वर्गात सांगावं तसं सांगितलं.

"पट्टीतून वाकडं गेलं तर दोन्हीकडं वाकडंच जातंय, सर."

घरी येऊन दादांचा, म्हणजे माझ्या वारलेल्या वडिलांचा, सहस्रकुंडचा फोटो उघडला. वर धबधबा होता. खाली दादा उभे होते तिथं नुसता करडा पट्टा. दुसरी प्रत उघडली. तीही तशीच.

मोबाईलमधला मूळ फोटो मी आधीच पुसला होता. त्याला खोडरबरही लागलं नव्हतं.