लाज माझी, तुमची नाही

"समजलं नाही ना? मग लाज माझी, तुमची नाही." असं म्हणून सर अख्खा फळा पुसायचे आणि पहिल्या ओळीपासून परत सुरुवात करायचे. पुसून झालं की हात पँटला. त्यामुळे त्यांच्या उजव्या खिशावर कायम एक पांढरा पंजा उमटलेला असायचा. गर्दीत पाठमोरे सर ओळखायला आम्हाला तेवढी खूण पुरायची.

असं म्हणणारा मास्तर तुम्ही पाहिलाय का? मी तरी त्याआधी पाहिला नव्हता. शाळेपासून मला न समजण्याची लाज माझीच आहे असं शिकवलं गेलं होतं. उल्हासनगरच्या कॉलेजात एम.एस्सी.ला आल्यावर पहिल्यांदा कोणीतरी ती लाज माझ्या डोक्यावरून उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली.

सर थिऑरेटिकल फिजिक्स शिकवायचे. दुसऱ्या वर्षी स्पेशल विषय निवडायचा असे आणि सगळ्यांची धाव इलेक्ट्रॉनिक्सकडे. ते साहजिकच होतं. ऐंशीच्या दशकात घरोघरी टीव्ही येत होते, इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे नोकरी हे आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यालाही ठाऊक होतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप होता. आमच्याकडे खडू होता. मग सर कँटीनमध्ये येऊन आमच्या टेबलाशी उभे राहायचे आणि चहा गार होईपर्यंत अणूबद्दल बोलायचे. लग्न जमवणारे मुलीबद्दल बोलतात तसे. त्या बोलण्याला भुलून आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जण थिअरीकडे वळलो.

माझे वडील मात्र भुलणाऱ्यांतले नव्हते. ते अंबरनाथला कारखान्यात पाळीवर जायचे. मुलगी एम.एस्सी. करते हे त्यांनी बुद्धविहारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि आता "पुढे काय?" या प्रश्नाला त्यांना उत्तर हवं होतं. हे कळल्यावर सर एका रविवारी थेट आमच्या चाळीत आले. खाटेवर मांडी घालून बसले, आईच्या हातचे पोहे दोनदा मागून घेतले आणि वडिलांना म्हणाले, "हिच्या नोकरीचं माझ्याकडे लागलं. मी शब्द देतो."

वडिलांनी मान डोलावली. आमच्या घरात दिलेल्या शब्दाला फार किंमत होती.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं. खिडकीबाहेर फर्निचरच्या कारखान्याची करवत किंचाळत असायची आणि आत सर हायड्रोजनच्या अणूचं गणित सोडवत असायचे. शेवटची ओळ आली त्या दुपारी त्यांनी खडू ठेवला, मागच्या बाकावर येऊन आमच्या शेजारी बसले आणि फळ्याकडे बघत राहिले. जणू ते दुसऱ्याच कोणाचं काम होतं. मग उठून कोपऱ्यात लिहिलं, 'पुसू नये'. शिपायाने तो हुकूम इतका मनावर घेतला की पुढचा आठवडाभर केमिस्ट्रीच्या बाईंना फळा मिळाला नाही आणि त्यांनी प्राचार्यांकडे तक्रार केली.

निकाल लागले. इलेक्ट्रॉनिक्सची मुलं एकेक करून चिकटली. आम्हाला कोणी दारात उभं करेना. वडिलांची विहारात जायची वेळ बदलली. सगळे निघून गेल्यावर जाऊ लागले.

मग सर मला घेऊन अंबरनाथ एमआयडीसीत हिंडू लागले. स्वतःचे तास आटपून, भर उन्हात, गेटागेटावर. एका रंगाच्या कारखान्यात मालकाने आम्हाला आत घेतलं. सिंधी शेठ, माणूस वाईट नव्हता. बसवलं, पाणी दिलं, आणि काचेतून दिसणारी टाकी दाखवून मला विचारलं की यातला गरम माल किती वेळात थंड होईल. मी सरांची विद्यार्थिनी. मी सुरुवात केली, "समझिए कि टंकी पूरी गोल है..."

"समझूं क्यों, बेटा?" शेठ म्हणाला. "सामने खड़ी है, देखो ना."

टाकी चौकोनी होती.

शेठ हसला, त्याचा मुनीम हसला. मग शेठने सरांना विचारलं, थिऑरेटिकल म्हणजे काय, हिला प्रॅक्टिकल काहीच येत नाही का? सर खुर्चीतून उठले. क्लासमध्ये फळ्यासमोर राजासारखा वावरणारा माणूस, त्याने त्या टेबलासमोर हात जोडले. "जो नहीं आता, वो मैंने नहीं सिखाया, शेठ. लड़की की गलती नहीं है."

तेच वाक्य होतं ते. फक्त हिंदीत, आणि जोडलेल्या हातांनी. मी खाली बघत होते. माझ्या चपलेचा अंगठा उसवला होता, तोच बघत राहिले. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की नोकरी मिळाली हे कळायलाही वेळ लागला. रंगाचा नमुना घ्यायचा, तो किती दाट आहे ते मोजायचं आणि लेबल चिकटवायचं. बारावी पास मुलगीसुद्धा ते करू शकली असती, आणि माझ्या आधी करतही होती.

त्यानंतर सर मला चुकवू लागले. अंबरनाथच्या बाजारात मी एकदा लांबून तो पांढरा पंजा ओळखला आणि हाक मारली, तर सर चटकन बांगड्यांच्या दुकानात शिरले. मी बाहेर थांबले. आत दुकानवाली त्यांना विचारत होती, "कोणाच्या मापाच्या देऊ, काका?" आणि सर गोंधळून हिरव्या बांगड्या न्याहाळत होते. मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. मी निघून गेले, त्यांना बाहेर येता यावं म्हणून.

आमच्या घरी तर ते आलेच नाहीत. वडील अधूनमधून म्हणायचे, "तुझ्या सरांना चहाला बोलाव. आपला काही राग नाही." मी निरोप पाठवायची. सर यायचे नाहीत.

पुढची बातमी मला एका ज्युनियर मुलीकडून कळली. विषय निवडायच्या दिवसांत सर आता स्वतः पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन सांगत, इलेक्ट्रॉनिक्स घ्या. कोणी हट्टाने थिअरी मागितली तर त्याला घरची परिस्थिती विचारत आणि परत पाठवत. दोन-तीन वर्षांत विषय बंद पडला. आपल्या दुकानाला त्यांनी आपल्या हाताने कुलूप लावलं होतं, आणि ते आमच्यामुळे. मला राग आला, सरांचा नाही, कोणाचा ते सांगता येत नाही. एक मात्र वाटलं, की या माणसाला कोणीतरी सांगायला हवं. ते वर्ष फुकट गेलेलं नाही. लेबलं चिकटवताना मी आजही मनात तो अणू सोडवते.

म्हणून मी बदलापूरला गेले. सर मांजर्लीत तळमजल्यावर राहायचे. दर पावसाळ्यात नदी दारात येते म्हणून त्यांची सगळी पुस्तकं छताजवळच्या फळीवर होती. मला बघून ते उभे राहिले आणि पहिलं काय विचारलं असेल? "वडील रागावलेत का?"

नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसेना. नुसतं "सर, तुम्ही छान शिकवलंत" म्हणून काही होणार नाही हे मला दिसत होतं. मग मी एक शंका विचारली. खरीच होती. हायड्रोजनच्या अणूच्या गणितात पदांची एक लांबलचक मालिका येते, ती मध्येच तोडावी लागते, नाहीतर इलेक्ट्रॉन अणूत राहत नाही, दूर दूर पळतो. ती का तोडायची, हे मला तेव्हा नीट समजलं नव्हतं.

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी स्टुलावर चढून पुस्तकांमागून खडू काढला आणि कपाटाच्या दारावर लिहायला लागले. चार ओळी लिहिल्या. पाचव्या ओळीला हात थांबला. त्यांनी पुसलं, परत लिहिलं, परत तिथेच थांबले. "आता मी बी.एस्सी.च्या मुलांना भिंगं शिकवतो गं," ते कपाटाकडे तोंड करूनच म्हणाले. "सवय गेली." मी "राहू दे सर" म्हणाले. ते म्हणायला नको होतं हे मला बोलतानाच कळलं. मी गेले होते त्यांच्या डोक्यावरची लाज उतरवायला, आणि आणखी एक देऊन आले.

पुढच्या रविवारी सकाळी आमचं दार वाजलं. वडिलांनी उघडलं. बाहेर सर. इतक्या वर्षांनी.

"या, आत या," वडील म्हणाले.

"नको. हिला एक सांगायचं राहिलं होतं." सर आत आले नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला, आमच्या खोलीच्या हिरव्या दारावर, बाहेरच्या बाजूला, उभ्या उभ्या सगळं लिहून काढलं. एकदाही न थांबता. शेजारपाजारचे गॅलरीत जमले. शेवटची ओळ झाली तेव्हा मला ती मालिका का तोडायची ते स्वच्छ दिसलं, आणि मी "समजलं, सर" म्हणाले.

वडील चहा घेऊन बाहेर आले. सरांनी कप घेतला, पण नजर वर केली नाही. "मी तुम्हाला शब्द दिला होता," ते म्हणाले.

"पोरीला शिकवायचं काम तुमचं होतं, ते तुम्ही केलंत," वडील म्हणाले. "नोकरी देणं तुमच्या हातात होतं का?"

सरांनी चहा संपवला, कप खिडकीत ठेवला, हात पँटला पुसला आणि जिना उतरून गेले.

पुढच्याच पावसाळ्यात ते वारले. मला दोन महिन्यांनी कळलं.

दारावरचा खडू उडायला लागला तेव्हा वडिलांनी पांढरा ऑइलपेंट आणून ती सगळी चिन्हं स्वतः गिरवली, रांगोळी गिरवावी तशी, जीभ दातांत धरून. घातांकातलं एक उण्याचं चिन्ह पुसट झालं होतं, ते त्यांच्या हातून सुटलं. मी ते तसंच राहू दिलं.

यंदा चाळ रंगवायला काढली. पेंटर दारापाशी थबकला आणि म्हणाला, "बाबा, हा दूधवाल्याचा हिशोब आहे का? पुसू?"

"तेवढं सोडून रंगव," वडील म्हणाले. "आमच्याकडे एक सर आले होते. दारातूनच गेले."