रताळ्याच्या वेलाखालचा एलीया

मार्थाबाई शास्त्र उलटं धरत. मांडीवर काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड बायबल उघडं, अक्षरं डोक्यावर उभी, आणि बाईंची नजर समोरच्या उसाच्या तुऱ्यांवर. तोंडाने दावीद राजाची गोष्ट चाललेली. पानं मात्र अगदी वेळेवर उलटत. चर्चच्या ओट्यावर पाच-सहा बायका बसलेल्या असत. कुणाच्या हातात निवडायची मेथी, कुणाच्या मांडीवर पेंगणारं पोर. पुस्तक उलटं आहे हे त्यांनाही ठाऊक होतं आणि त्यांचं काही बिघडत नव्हतं.

कोल्हारपासून आत तीन-चार किलोमीटरवर, प्रवरेच्या काठाला ते गाव. मी तिथल्या चर्चचा पाळक म्हणून गेलो तेव्हा माझं वय अठ्ठावीस होतं आणि धर्मशास्त्राच्या पदवीची शाई अजून ओली होती. थंडीचे दिवस होते. सकाळी नदीवरून धुकं यायचं आणि दहा वाजेपर्यंत उसाच्या फडात रेंगाळायचं. लांबच्या साखर कारखान्याचा गोडसर, आंबूस वास त्या धुक्यात मिसळलेला असे. पहिल्याच आठवड्यात मी मार्थाबाईंना एकदा हळूच म्हणालो, "बाई, पुस्तक उलटं आहे."

"व्हय, ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मला कुठं वाचायचंय, पाळकसाहेब? पुस्तक उघडं असलं म्हंजी मानसं गप बसत्यात, यवढंच."

मार्थाबाई बायबलबाई होत्या. वस्तीवस्तीवर, घराघरांत जाऊन बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, आजाऱ्याजवळ बसायचं, प्रार्थना करायची, हे बायबलबाईचं काम. खऱ्या बायबलबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, त्यांना वाचता येत होतं. त्या गेल्यावर त्यांची कापडी पिशवी, पुस्तक आणि फेरी सुनेने आपणहून उचलली. कुणी नेमलं नव्हतं. वीस वर्षं सासूचं वाचन ऐकून ऐकून जे डोक्यात साठलं होतं, तेवढ्यावर बाईंचा सगळा संसार उभा होता.

आता सासूबाईंच्या तोंडात शेवटी शेवटी दात नव्हते, ही गोष्ट शास्त्राभ्यासाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कारण एलीया संदेष्टा राणीच्या भीतीने रानात पळून गेला आणि एका रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला, असं मराठी शास्त्रात आहे. रताम म्हणजे वाळवंटातलं एक झुडूप. सासूबाई बोळक्या तोंडाने 'रताम' म्हणाल्या असतील, सुनेला ऐकू आलं 'रताळं'. तेव्हापासून आमच्या गावचा एलीया रताळ्याच्या वेलाखाली बसला तो बसलाच.

मी हे पहिल्यांदा ऐकलं आणि माझी पदवी उसळून उठली. भर बायकांत मी म्हणालो, "बाई, रताळं नव्हे, रताम. आणि रताळ्याचा वेल जमिनीवर पसरतो. त्याच्याखाली माणूस बसेल कसा?"

बायका माझ्याकडे आणि बाईंकडे आळीपाळीने बघायला लागल्या. बाईंनी पान उलटलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मन खचल्यालं मानूस उभं कुठं ऱ्हातंय, साहेब? भुईसपाट झाल्यालं असतंय. त्याला येलाचीबी सावली पुरती."

मला काही ते पटलं नाही. पुढच्या आठवड्यात एलीया पुन्हा रताळ्याखाली होता.

बाईंच्या घरामागे न्हाणीच्या पाण्यावर रताळ्याचा मोठा वेल पसरला होता. त्यातली रताळी उकडून, फडक्यात बांधून त्या निघाल्या की गावाला कळायचं, कुणीतरी खचलं आहे. खचलेल्या माणसाला त्यांच्याकडे एकच नाव होतं. "गावात सध्या दोन येलीये हायेत," असं त्या ताप-खोकल्याची साथ सांगावी तशा सांगत. दहावीला नापास झालेली पोरगी येलीया, बायको माहेरी गेलेला ट्रॅक्टरवाला येलीया. धर्म-जात कुणी विचारायचं नाही. शेजारच्या विमलबाई चेष्टा करायच्या, "मार्थाबाई, आज एकादस न्हाई, रताळी कुनाला?" बाई म्हणायच्या, "ज्याला उपास घडलाय त्याला." तिथे जाऊन त्या फारसं बोलतही नसत. रताळं सोलून हातात द्यायच्या आणि पदराला हात पुसत बसून राहायच्या.

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. गावाकडच्या साध्याभोळ्या श्रद्धेविषयी मी मित्रांना फोनवर किस्से सांगत असे. दुसऱ्या वर्षी आमचं मूल गेलं.

सुनीताला, माझ्या बायकोला, आठवा महिना होता. मुलगी होती. ती जन्मली तेव्हा तिच्यात जीव नव्हता. तिला आम्ही चर्चच्या मागे दफनभूमीत ठेवली, आणि त्या प्रार्थना मीच केल्या, कारण मीच पाळक होतो. त्यानंतरचे दिवस मला अजून धुक्यातून पाहिल्यासारखे दिसतात. दुपारचं ऊन भिंतीवरून सरकायचं. नदीवर कुणी कपडे आपटत असायचं, त्याचा आवाज उशिरा पोचायचा. सुनीता एका खोलीत, मी दुसऱ्या. मी पाहायला गेलो की ती डोळे मिटायची, आणि ती माझ्या दाराशी आली की मी पुस्तकात डोकं घालायचो. दर रविवारी मी मेलेल्यांच्या पुनरुत्थानाविषयी बोलत होतो. तोंडातून शब्द पडत होते आणि त्यातला एकही मला खरा वाटत नव्हता. एका रविवारी मध्येच थांबलो. वाक्य सापडेना. लोकांना वाटलं, डोळे मिटून प्रार्थना करतोय. त्यांनीही डोळे मिटले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

सोमवारी मी आमच्या चर्चसंस्थेच्या कार्यालयाला पत्र लिहायला बसलो. मला या सेवेतून मोकळं करावं, मी यापुढे हे काम प्रामाणिकपणे करू शकत नाही. लिहून होतंय तोच बाई दारात. हातात फडक्यातलं गाठोडं.

"सलाम, पाळकसाहेब. काय लिवताय?"

"पत्र."

"वाचा की. मला कुठं येतंय?"

का कोण जाणे, मी वाचलं. सगळं वाचलं. ओल्या पदवीच्या भाषेत लिहिलेलं ते पत्र त्या खाली बसून एखाद्या अध्यायासारखं ऐकत होत्या. संपलं तेव्हा म्हणाल्या, "ब्येस लिवलंय. धाडा. पर आज नगं. उपाशी पोटी कागुद धाडू न्हाई."

"बाई, मला उपदेश नको आहे."

"म्या कुठं केला?" त्या रताळं सोलायला लागल्या. "त्या देवदूतानंबी न्हाई केला. येवढा सोरगातनं आला, पर येलीयाला यका शबदानं समजावलं न्हाई. का रडतूस म्हनून इचारलंबी न्हाई. ऊठ, खा, म्हनला. त्यानं खाल्लं आन परत निजला. दूतानं निजू दिलं. परत उठीवलं, परत खाया घातलं. वाट लांबची हाय म्हनला. देवाचं बोलनं लई दिसांनी, डोंगरावर गेल्यावर. आदी भाकर."

मी रताळं खाल्लं. गार झालेलं, थोडं मातकट होतं. खाताना माझ्या लक्षात आलं की मी शनिवारपासून धड जेवलो नव्हतो. बाई उठून आतल्या खोलीत सुनीताकडे गेल्या. बऱ्याच वेळाने सुनीता रडल्याचं ऐकू आलं. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच मोठ्याने रडत होती. मी उंबऱ्यापर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. पंधरा दिवस येत होत्या. पत्र टेबलावर पडून राहिलं, मग कशाखाली तरी गेलं. मी ते धाडलं नाही. एवढ्याने सगळं बरं झालं असं मात्र कुणी समजू नये. मी उठलो होतो, चालत होतो, इतकंच. रविवारची उपासना व्हायची, लग्नं, बाप्तिस्मे, दफनं व्हायची. पाच-सहा वर्षं मी हे केलं. सुनीता आणि मी एकमेकांशी चहा, वीजबिल, नळाचं पाणी यावर बोलायचो. मुलीचा विषय दोघांनीही काढला नाही. माझ्या रविवारच्या बोलण्यात चूक काढावी असं काही नसे, आणि कुणाचा जीव थरारावा असंही काही नसे. ते सगळ्यात आधी मला कळत होतं, नंतर बहुतेक बाईंना. त्या एकदाच म्हणाल्या, "साहेब, तुमी लांबनं सांगताय. नदीपल्याड हुबं ऱ्हाऊन हाका मारल्यागत." मला राग आला होता.

मग बाई विसरायला लागल्या. आधी दाविदाच्या गोष्टीत योसेफाचे भाऊ शिरले. नंतर फेरीला निघाल्यावर वस्ती सापडेना. त्यांच्या सुनेने, रूपाने, त्यांना एकटीने बाहेर सोडायचं बंद केलं. दारासमोर बाजेवर उन्हात त्या बसलेल्या असत. मी गेलो की सुरुवातीला ओळखत. एक दिवस माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "पाळकसाहेब, समदं चाललंय वो. तुमाला वाचाय येतं, तुमचं पुस्तकात ऱ्हाईल. माजं डोस्क्यात हुतं. आता म्या देवाला काय दावू?" त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. साऱ्या गावाला उठवणारी बाई मन खचून बसली होती. दुसऱ्या दिवशी सुनीताने रताळी उकडून दिली, ती मी घेऊन गेलो. बाईंनी ती आवडीने खाल्ली आणि विचारलं, "आज एकादस हाय का?"

त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. दफनाला आजूबाजूच्या वस्त्यांवरून इतकी माणसं आली की ओटा, आवार, रस्ता सगळं भरून गेलं. विमलबाई मोठमोठ्याने रडत होत्या. पण बाईंचा निरोप म्हणून मला तो दिवस आठवत नाही. मला आठवते त्याच्या दोन-तीन महिने आधीची एक सकाळ.

धुकं होतं. ऊन त्यातून झिरपत होतं, पलीकडचा ऊस दिसत नव्हता, आणि बाजेवर बसलेल्या बाई पांढऱ्या कापसात ठेवल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. "कोन पावनं?" म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती पाहुण्याला हलवतात तशी. काय बोलावं म्हणून मी पुस्तक उघडून वाचायला लागलो. त्या इकडेतिकडे बघत राहिल्या. छापील भाषा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. मी पुस्तक मिटलं, खाली जमिनीवर बसलो आणि मला येईल तशी त्यांच्या बोलीत गोष्ट सुरू केली.

"यक बाई हुती. मरीया तिचं नाव. लई रडत हुती."

बाईंनी मान वळवली. "का?"

"तिचं जिवाभावाचं मानूस मेलं हुतं. ती सकाळच्याला कबरंवर गेली, तर कबर मोकळी. मानूस न्हाई."

"आगं बाई! मंग?"

"मंग तितं यक जन हुबा. तिला वाटलं, माळी हाय. म्हनली, दादा, तू नेलं असशील तर कुटं ठिवलंय सांग, म्या घिऊन जाईन."

चर्चमागची ती लहानशी जागा डोळ्यांसमोर आली. इतक्या वर्षांत तिच्याकडे मी नीट पाहिलंही नव्हतं. कुठं ठेवलंय सांग, मी घेऊन जाईन. हे मी शेकडो वेळा वाचलं होतं, आणि ते माझं वाक्य आहे हे मला आत्ता कळत होतं. मी रडायला लागलो. बाई माझ्या गुडघ्याला बोट लावून म्हणाल्या, "सांगा की म्होरं. माळी काय म्हनला?"

"त्यानं तिला नावानं हाक मारली. मरीया म्हनला. माळी न्हवताच त्यो. त्योच हुता."

"कोन? मेल्याला?"

"व्हय. येशू."

"जित्ता?"

"जित्ता."

बाई बाजेवर ताठ बसल्या. चेहरा असा उजळला की मी तसा चेहरा त्याआधी आणि त्यानंतर कुणाचा पाहिलेला नाही. चाळीस वर्षं दारोदार जिने हीच बातमी सांगितली, तिला ती आज पहिल्यांदा कळत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जवळजवळ रागावून म्हणाल्या, "आन हे मला कुनी सांगितलं कसं न्हाई?"

"आत्ता सांगतोय ना, बाई."

"मंग हितं काय बसून ऱ्हायलात? उठा की! घरात कुनी बाईमानूस हाय का न्हाई? तिला ठावं हाय का?"

मी उठलो. घर दोनशे पावलांवर होतं. सुनीता दारात तांदूळ निवडत बसली होती. माझा चेहरा पाहून तिने सूप खाली ठेवलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं?"

मी तिच्याजवळ खाली बसलो आणि सांगायला लागलो.