जाड कागद, शंभरचा रोल

आमच्या धाकट्या मामांइतका चोखंदळ माणूस गोदावरीच्या अलीकडे झाला नाही, आणि पलीकडे झाला असलाच तर त्याची बायको आमच्या मामीइतकी सोशिक नसणार. मामा फोटो काढत, तेही काळे-पांढरेच, आणि न्हाणीला काळं कापड ठोकून स्वतःच छापत. मुलीला स्थळ बघावं तसा त्यांचा रोल निवडण्याचा सोहळा चाले. चारशेचा रोल अंधुक उजेडातही झटकन फोटो घेतो, म्हणूनच त्यांना त्याचा तिटकारा. "तो घाईच्या माणसांचा! फोटोत दाणा उमटतो बघा त्याचा, ज्वारीएवढा!" त्यांचा लाडका शंभरचा. त्याला मात्र भरपूर ऊन लागे आणि समोरच्यानं जराही हलायचं नसे, कॅमेरा धरणाऱ्यानंही नाही. एका लग्नात त्यांनी नवरदेवाला हार धरून इतका वेळ उभा केला की फुलं सुकली. नवरीकडच्यांना वाटलं, मुलगा फेरविचार करतोय.

कागदाचं त्याहून अवघड. प्लास्टिकचा कागद थोड्या पाण्यात धुऊन निघतो, पण मामांना जाड कागदच हवा, आणि त्यात मुरलेलं रसायन निघायला तासभर वाहतं पाणी लागे. त्यात वर्षं दुष्काळाची. शहर चिकलठाण्याच्या कारखान्यांकडं धावत सुटलेलं, गल्लीत रोज सकाळी एक नवी इमारत उगवलेली, आणि नळ रुसलेला. मामांनी आंघोळ सोडली. फोटो तेवढे रोज न्हाऊन निघत.

एकच निगेटिव्ह त्यांनी राखून ठेवली होती. जायकवाडी तुडुंब भरलं होतं तेव्हा काढलेली, धरणाकाठी खळखळून हसणारी मामी. "ही जाड कागदावरच. आधी पाऊस पडू दे."

पाऊस काही पडेना.

"अहो, प्लास्टिकवर छापा की."

"बायको प्लास्टिकवर छापू?"

"मग काय मी काळी-पांढरी व्हायची वाट बघताय? केस तर झालेच!"

शेवटी टँकर आला त्या दिवशी मामीनं हंडे, कळश्या, पातेली सगळं भरून न्हाणीच्या दारात मांडलं. "आज स्वयंपाक नाय, धुणं नाय. छापा." जाड कागद एकच उरला होता. लाल दिव्याच्या उजेडात मामांचा हात पुढं होईना.

"बिघडला तर गं?"

"बिघडला तर मी हाय की इथं."

मामांनी छापला. मामीनं तांब्या-तांब्यानं पाणी ओतत फोटोतल्या स्वतःलाच तान्ह्या बाळासारखं न्हाऊ घातलं. तरी पाणी कमीच पडलं. पुढं फोटोच्या कडा पिवळ्या झाल्या. पाहुणे ते हसू बघतात, मामा कडा.

यंदा धरण पुन्हा भरलंय. परवा गेलो तर धरण बघायला पैठणला निघायची गडबड. मामी साड्या निवडत होती, मामा कॅमेऱ्यात रोल भरत होते. चारशेचा! मी बघतच राहिलो. मग त्यांचे हात दिसले. हल्ली ते थरथरतात.

"आज ऊन जरा कमीच आहे रे," माझ्याकडं न बघता मामा म्हणाले.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन टाळकं फोडत होतं. मामीनं खिडकीतून वर पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली, "लई ढग आलेत."